नोंदणी क्रमांक आला का?

हलक्या धानाची कापणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात एक प्रश्न सारखा कानावर येतो, "ऑनलाइन केलं का जी?" आधारभूत केंद्रावर धान विकायचा तर आधी नोंदणी लागते. सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि ई-पीक पाहणीत लागलेली धानाची नोंद, एवढं सगळं जुळावं लागतं. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. तो पदरात पडून चुकारे खात्यात येण्याची वाट एका ऑनलाइन फॉर्ममधून जाते. सेवा केंद्रात ऑपरेटर बटन दाबतो, चक्र फिरत राहतं आणि तो म्हणतो, "लिंक गेली." या क्षणी आत नेमकं काय होतं, हे फॉर्म भरणाऱ्यालाही ठाऊक असलं पाहिजे.

जुन्या पद्धतीच्या वेबसाइटवर बटन दाबलं की ब्राउझर भरलेली माहिती पाठवून अख्खं नवं पान मागवतो. तोवर पडदा पांढरा. मधेच नेट गेलं तर गट क्रमांकापासून सगळं पुन्हा टाइप करायचं. पान ताजं करायला गेलं की ब्राउझर विचारतो, माहिती पुन्हा पाठवायची का? घाईत 'हो' म्हटलं की एकाच शेतकऱ्याच्या दोन नोंदी होऊ शकतात.

यावरचा तोडगा जुना आहे. 1999 साली, म्हणजे गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी, मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर 5 मध्ये एक सोय दिली. पान जागेवर ठेवून पडद्याआड सर्व्हरशी बोलायची ही सोय मुळात आउटलुकचे ईमेल ब्राउझरमध्ये दाखवण्यासाठी तयार झाली होती. 2004 मध्ये जीमेल आणि 2005 मध्ये गूगल मॅप्स आले, तेव्हा तिची ताकद जगाला दिसली. फेब्रुवारी 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिलं. आज ब्राउझरमध्ये त्यासाठी 'फेच' नावाची सुटसुटीत सोय आहे.

ती चालते कशी? समजा फॉर्ममध्ये गाव, गट क्रमांक आणि क्षेत्र 0.81 हेक्टर, म्हणजे दोन एकर, एवढं भरलं. बटन दाबताच पानावरची जावास्क्रिप्ट ब्राउझरला त्याचं नेहमीचं काम करू देत नाही. ती या रकान्यांचा एक छोटा मजकूर बांधते आणि सर्व्हरकडे धाडते. त्याचं वजन जेमतेम काही शे बाइट. चित्रं, मेनू, लोगो यांतलं काहीच पुन्हा उतरवावं लागत नाही, म्हणून कमजोर नेटवरही तो निघून जातो. सर्व्हर माहिती तपासतो, डेटाबेसच्या तक्त्यात एक ओळ वाढवतो आणि त्या ओळीचा क्रमांक परत पाठवतो. जावास्क्रिप्ट तो क्रमांक त्याच पानावर दाखवते. तपासणी मात्र सर्व्हरवर झालीच पाहिजे, कारण ब्राउझरमधली तपासणी कुणालाही चुकवता येते. फॉर्ममधला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत जसाच्या तसा चिकटवणं तर सरळ धोका आहे. माहितीच्या रूपात आलेली आज्ञा डेटाबेस निमूट पाळतो.

खरी मेख आहे ती नेट अर्ध्यावर तुटण्यात. माहिती पोचली, ओळ वाढली, पण उत्तर परत येताना लिंक गेली. सर्व्हरच्या लेखी काम झालं, ऑपरेटरच्या लेखी झालं नाही. तो पुन्हा दाबतो आणि दुसरी ओळ वाढते. फक्त बटन बंद करून हे टळत नाही, कारण पान उघडून पुन्हा फॉर्म भरता येतोच. चांगला प्रोग्रामर फॉर्म उघडतानाच त्याला एक एकमेव खूण देतो आणि तीही माहितीसोबत पाठवतो. तक्त्यात त्या रकान्यावर अट असते की तीच खूण दुसऱ्यांदा चालणार नाही. पुन्हा तीच माहिती आली तर डेटाबेस नवी ओळ नाकारतो आणि सर्व्हर पहिल्या नोंदीचाच क्रमांक परत देतो. फॉर्म नव्याने उघडून भरला तर खूणही नवी येते. म्हणून हंगाम, गाव, गट आणि खातेदार मिळून एकच नोंद, ही अटही डेटाबेसमध्ये हवी. अशी व्यवस्था असेल तर दहा वेळा दाबलं तरी बिघडत नाही. माझ्या मते शेतकऱ्यांच्या कुठल्याही फॉर्मसाठी ही किमान अट असायला हवी.

तितकाच राग येतो तो खोट्या हिरव्या पट्टीचा. काही फॉर्म बटन दाबताच 'यशस्वी' असं झळकवतात, सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच. पान हललं नाही म्हणून माणूस निश्चिंत होऊन घरी जातो आणि खरेदीच्या दिवशी त्याचं नाव यादीत सापडत नाही. पान न बदलता माहिती साठवण्याची सोय इथे उलटते. जुन्या पद्धतीत निदान नवं पान आलं नाही हे डोळ्यांना दिसत तरी होतं. म्हणून नव्या पद्धतीत तीन गोष्टी पडद्यावर स्पष्ट मराठीत दिसाव्यात: पाठवत आहोत, नोंद झाली, नोंद झाली नाही. नोंद झाली नसेल तर भरलेले रकाने तसेच राहावेत. अर्धवट माहिती ब्राउझरमध्ये जपून ठेवता येते, पण सेवा केंद्राचा संगणक दिवसभर अनेकांच्या हाताखाली असतो. काम झालं की ती पुसलीच पाहिजे, नाहीतर एकाचा आधार क्रमांक दुसऱ्यासमोर उघडा पडेल.

फॉर्म बनवणाऱ्यांनी डेटाबेसने दिलेला क्रमांक हाती आल्याशिवाय 'यशस्वी' हा शब्द दाखवू नये. आणि नोंदणीला जाणाऱ्यांनो, चक्र थांबलं म्हणून खुर्चीवरून उठू नका. क्रमांक वाचा, त्याची प्रिंट घ्या किंवा वहीत उतरवा, आणि मगच बाहेर पडा.