न दिसणाऱ्या मंडळाचा कारभार

रात्रीची जेवणे आटोपली की घरातला मुलगा कानांवर हेडफोन चढवून संगणकापुढे बसतो आणि कधी न पाहिलेल्या माणसांना ‘थांबा’, ‘आता पुढे या’ असे सांगू लागतो. हा खेळात वेळ घालवतो आहे, असे आईवडिलांना वाटते. ते खोटे नाही; पण त्याच वेळी तो एखाद्या संस्थेचा कारभारही पाहत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या संस्थेला खेळाडू ‘गिल्ड’ म्हणतात. २००४ साली निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात आरंभीच्या सर्वांत मोठ्या मोहिमांसाठी ४० खेळाडू एकत्र यावे लागत. घरे निरनिराळी, स्वभाव निरनिराळे आणि वेतन कोणालाच नाही! अशा ठिकाणी नुसता हुकूम चालत नाही. चालतो तो विश्वास. अधिकार कोणाच्या हाती किती आणि कोणी कोणाला काय कळवायचे, या दोन गोष्टींवर तो टिकतो.

पहिली गोष्ट ढिली राहिली की काय होते, हे आइसलँडमध्ये तयार झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात २००९ च्या फेब्रुवारीत दिसले. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही तेथील अनेक संघांची बलाढ्य आघाडी. तिचा एक संचालक प्रतिपक्षाला जाऊन मिळाला आणि त्याने आपल्या अधिकारात ती आघाडीच विसर्जित करून टाकली. प्रतिपक्षाने ते नावही लगोलग आपल्याकडे घेतले. वर्षानुवर्षे उभारलेले वैभव एकही तोफ न डागता गेले; कारण सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या.

दुसरी गोष्ट त्याच खेळात २७ जानेवारी २०१४ रोजी घडली. एका ठाण्याच्या ताब्यासाठी ठराविक मुदतीत रक्कम भरावी लागे; ती भरली गेली नाही. प्रतिपक्ष तेथे चालून आला, सुमारे २१ तास लढाई झाली, हजारो खेळाडू तीत ओढले गेले आणि ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. ‘रक्कम भरली का?’ एवढा एक प्रश्न वेळेवर कोणी विचारायला हवा होता.

म्हणून जाणते गिल्डप्रमुख काही साधे नियम पाळतात. प्रत्येक पदाला नेमके काम आणि तेवढाच अधिकार. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००७ पासून गिल्डला सामाईक कोठार आहे, आणि कोणत्या पदाच्या सभासदाने रोज त्यातून किती घ्यावे, याची मर्यादा प्रमुखाला घालता येते. मोहिमेत आवाज एकाचाच. बाकीच्यांनी गरजेपुरते बोलावे. लुटीच्या वाटणीचा नियम मोहिमेआधी सांगावा, नंतर नव्हे. चूक दाखवायची ती एकांतात, कौतुक करायचे ते सर्वांसमक्ष. नव्या सभासदाला विचारपूस करणारा एक जुना सोबती नेमून द्यावा. आणि प्रमुख परीक्षेला बसला किंवा आजारी पडला, तर काम कोण पाहील, हे आधीच ठरलेले असावे.

परमुलखात गणेशोत्सव मंडळे चालविणाऱ्या आपल्या वाचकांना यात नवे काय वाटणार? वर्गणीच्या हिशोबावरून किंवा न पोहोचलेल्या निरोपावरून दुरावलेली घरे आपण पाहिलेली आहेत. तेव्हा मुलाला नुसते ‘ऊठ आता’ म्हणण्याऐवजी एकदा विचारावे, ‘तुमच्या गिल्डचा खजिनदार कोण रे?’ ज्या संभाषणाची वाट आपण कधीपासून पाहत होतो, ते कदाचित तेथूनच सुरू होईल.