सिंक म्हणजे जतन नव्हे

संगणकाच्या पडद्यावरील चित्र बदलावे, चिन्हे सोयीने मांडावीत, रोजची फोल्डरे डोळ्यांसमोर ठेवावीत, हे योग्यच आहे. दिवाणखान्याची मांडणी जो तो आपल्या सवयीप्रमाणेच करतो. परंतु मांडलेली वस्तू वस्तुतः कोठे आहे, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

विंडोजमधील वनड्राइव्हचे उदाहरण घेऊ. त्यात फोल्डरांचा ‘बॅकअप’ चालू केला म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स ही फोल्डरे वनड्राइव्हच्या फोल्डरात जातात. पडद्यावर काहीच हललेले दिसत नाही. पत्ता मात्र बदललेला असतो. तेथून त्यांची प्रत क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, जाते.

२०१७ साली यात आणखी एक सोय आली. फाइलीचे नाव येथे दिसते, मजकूर तिकडे असतो. उघडली की तो उतरतो. निळा ढग ही त्याची खूण. हिरवी खूण असली तर प्रत आपल्या संगणकावर आहे असे समजावे. इंटरनेट नसलेल्या गावी जाताना हा भेद ओळखला नाही, तर ऐन वेळी फाइल उघडत नाही.

याहून मोठा धोका ‘बॅकअप’ या शब्दात आहे. ‘क्लाउडवर प्रत आहे, मग येथली पुसली तर काय बिघडले?’ असे पुष्कळांना वाटते. घात होतो तो येथेच. सिंकचे काम आरशासारखे आहे. येथे पुसलेले तेथेही पुसले जाते, आणि त्याच खात्याला जोडलेल्या इतर संगणकांवरही. वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल क्लाउडच्या रिसायकल बिनमध्ये साधारणतः ३० दिवस राहते. पुढे ती मिळत नाही.

मग जागा मोकळी कशी करावी? फाइल पुसू नये. तिच्यावर माउसची उजवी कळ दाबून ‘फ्री अप स्पेस’ निवडावे. येथला मजकूर जातो, तिकडचा राहतो. फुकट मिळणारी जागा ५ जीबी आहे, हेही ध्यानात असावे. ती भरली की नव्या फाइली वर जाणे थांबते.

म्हणून लग्नाची छायाचित्रे, जमिनीचे कागद, वर्षानुवर्षे खपून लिहिलेला प्रबंध, यांची एक स्वतंत्र प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. संगणकावर चुकून दाबलेली कळ तिच्यापर्यंत पोहोचत नाही.