थरावर थर: धाराशिवच्या जमिनीखालचा लाव्हा

मागच्या वेळी प्रश्न आला होता, फुजीसारखा पर्वत एकाच स्फोटात उभा राहतो का? नाही. अशा ज्वालामुखीला संमिश्र म्हणतात. त्याचा लाव्हा बहुधा चिकट असतो, लांब वाहत नाही. एकदा राख आणि दगड पडतात, एकदा त्यावर लाव्हा येऊन बसतो, मग शेकडो वर्षं काहीच नाही. आपल्याकडे अंदमानातलं बॅरन बेट त्याच जातीचं. तिथे १७८७ साली उद्रेकाची नोंद झाली. पुढे दीडेकशे वर्षं शांतता होती, आणि १९९१ मध्ये ते पुन्हा जागं झालं.

आता आपल्या पायाखाली पाहू. बालाघाटाचे डोंगर लाव्ह्याचेच, पण त्यांना शंकूसारखं शिखर नाही, माथे सपाट. कारण इथला लाव्हा पातळ होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लांबच लांब भेगांतून आला आणि पसरत गेला. पर्वत वाढला नाही, पठार वाढलं. वाढण्याची रीत मात्र तीच, पुन्हा पुन्हा.

हे पाहायला पुस्तक नको, एखादी जुनी विहीर पुरे. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा फत्तर. खाली सच्छिद्र मांजऱ्या, आणि कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. हा पट्टा आम्हाला सगळ्यांत बोलका वाटतो. दोन लाव्ह्यांच्या मधे जो काळ गेला, त्यात वरचा खडक कुजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती झाकली. तत्त्वज्ञानात आम्ही आयुष्यभर ‘काळ दिसतो का’ यावर वाद घातला. इथे तो वीतभर जाडीचा दिसतो!

पाण्याचा हिशोबही याच थरांत आहे. अखंड फत्तरात पाणी जवळजवळ नाही. ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या फटींत साठतं. म्हणून एकाच्या बोअरला पाणी आणि बांधापलीकडे नुसता फुफाटा. पाणाड्याला नारळ देण्याआधी शेजारच्या विहिरीची भिंत बघावी, असं आमचं मत.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ‘खाली ज्वालामुखी आहे का’ असं आम्हाला कितीदा तरी विचारलं गेलं. सास्तूर आपल्याच जिल्ह्यातलं, किल्लारी शिवेपलीकडची. त्या दोन्हीकडची घरं ज्या पहाटे पडली, तिथला हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पुढे किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांच्या पुढे, लाव्ह्याचे थर संपले. त्याखाली थोडा गाळाचा थर, आणि मग अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटसारखा जुना खडक. भूकंप झाला तो या जुन्या खडकांत साठलेल्या ताणामुळे. लाव्हा तर कधीच गार झालेला आहे.

आता प्रश्न घेऊ.