दार घासतंय? रंधा लगेच मारू नका

नीरा डाव्या कालव्याचं पाणी, इंदापूरकडे उजनीचा फुगवटा आणि त्यात पावसाळी दमट हवा. बारामती-इंदापूर पट्ट्यात लाकडी दारं फुगतात. पण दार खाली, कडीच्या बाजूच्या कोपऱ्यात घासत असेल, तर आधी वरची बिजागरी बघा. दाराचं वजन तिलाच ओढत असतं, म्हणून बहुतेक वेळा तिचेच स्क्रू ढिले निघतात.

दाराखाली पाचर द्या. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या लाकडी काड्या ठोकून भरा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी स्क्रू पुन्हा आवळा. चौकट लाकडी असेल तर एखादा लांब स्क्रू घाला, पकड फार छान बसते!

तरीही घासतंय? खालच्या बिजागरीच्या पात्यामागे जाड पुठ्ठ्याची पट्टी सरकवा, कडीची बाजू किंचित उचलली जाते. मला ही युक्ती सगळ्यात आवडते, कारण लाकूड जराही कापावं लागत नाही.

करकर येत असेल तर पिन काढून गंज पुसा, ग्रीस लावा.

आणि रंधा? तो उन्हाळ्यातच. पावसाळ्यात तासलेलं दार हिवाळ्यात आकसतं आणि फट कायमची राहते.