निळ्या डबीतली हिमनदी

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी गाळली आहे, सगळी नाही.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतोय. एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, माझा भाऊ म्युनिकला शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याच्याकडे एक छोटी निळी डबी होती. सर्दी झाली की तो त्यातली पूड ओढतो. म्हणतो, नाक लगेच मोकळं होतं, विक्ससारखंच आहे. मीही दोनदा ओढली. काही होत नाही ना?"

मी त्याला डबीचा फोटो मागितला. बर्फाचा डोंगर, आणि नाव 'ग्लेचरप्रीझे'. जर्मनमध्ये ग्लेचर म्हणजे हिमनदी आणि प्रीझे म्हणजे चिमूट. बव्हेरियातली प्योशल ही 1902 पासूनची कंपनी ती बनवते. आणि ही तपकीर आहे. म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची पूड. आपल्या पिढीला तपकिरी रंग माहीत असतो, पण त्या रंगाचं नाव या पुडीवरून आलंय हे लक्षातच येत नाही.

एका मित्राकडे ही डबी मी स्वतः हुंगली आहे, आणि एक चिमूट घेतलीही आहे. त्यामुळे आधी वासाबद्दल बोलतो.

डबी उघडली की पहिल्यांदा तंबाखू येतच नाही. येतो पुदिन्याच्या फुलाचा तो तिखट-थंड झोत, मागोमाग निलगिरी. लहानपणी वाफ घ्यायला बसवायचे ना, डोक्यावर टॉवेल टाकून, अगदी तसंच. डबी जरा वेळ नाकाजवळ धरली की मग खालून काहीतरी गडद वर येतं. ओलसर लाकूड, थोडा गोडसरपणा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखं काहीतरी. ती तंबाखू. बव्हेरियात 'श्माल्त्सलर' नावाची जुन्या पद्धतीची तपकीर असते, ब्राझीलच्या तंबाखूत स्निग्ध पदार्थ मिसळून केलेली. त्यात मेन्थॉलचा पडदा नसतो, म्हणून हाच गडद वास थेट समोर येतो, काकवी आणि सुकवलेल्या फळांसारखा. निळ्या डबीत तो मागच्या बाकावर बसलेला असतो.

ओढायची पद्धत अशी की अंगठा ताणला की मनगटाजवळ जो खळगा पडतो त्यात पूड ठेवायची आणि अगदी हलकेच हुंगायची. (त्या खळग्याचं नावच वैद्यकीय पुस्तकात 'अ‍ॅनाटॉमिकल स्नफबॉक्स' आहे. मेडिकलवाले श्रोते आता हसत असतील.) मी अर्थातच जोरात ओढली. शिंका, डोळ्यांत पाणी, मग कपाळापर्यंत गारवा. आणि दोनेक मिनिटांनी घशात उतरलेली कडवट धार. ती आठवण जाहिरातीत नसते.

आता खरा मुद्दा. तो गारवा वास नाहीये. वास घेणारी नस वेगळी आणि गारवा, झोंबणं, जळजळ सांगणारी नस वेगळी. या दुसरीला ट्रायजेमिनल नर्व्ह म्हणतात, कांदा चिरताना रडवते तीच. कोविडमध्ये वास गेला तेव्हा अनेकांना विक्सचा वास येत नव्हता पण थंडावा कळत होता, ते यामुळेच. या नसांच्या टोकांवर टीआरपीएम-8 नावाचं एक प्रथिन असतं. तापमान साधारण 25 अंशांच्या खाली गेलं की ते जागं होतं आणि मेंदूला सांगतं, थंड आहे. मेन्थॉल त्याच प्रथिनाला चिकटून तोच निरोप पाठवतो. नाकातलं तापमान आहे तेवढंच, फक्त बातमी खोटी. हे प्रथिन 2002 मध्ये सापडलं. ते शोधणाऱ्या दोन गटांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तापमान आणि स्पर्श आपल्याला कसे कळतात यावरच्या कामासाठी.

मग 'नाक मोकळं होतं' त्याचं काय? नाकातून हवा वाहतेय हे आपल्याला कळतं ते आत येणाऱ्या हवेच्या गारव्यावरून. मेन्थॉलने गारवा वाढवला की मेंदू समजतो, हवा जास्त येतेय. कार्डिफच्या रॉन एकल्स यांनी 1983 मध्ये हे मोजून दाखवलं. मेन्थॉल घेतलेले लोक म्हणाले नाक मोकळं वाटतं, पण नाकातला हवेचा अडथळा तेवढाच होता. म्हणजे श्रोत्या, तुझ्या भावाचं नाक चोंदलेलंच आहे. त्याला कळत नाहीये इतकंच.

वाफेच्या भांड्यात एवढी फसवणूक मला चालते, बरं वाटतं, झोप लागते. पण इथे त्या फसवणुकीच्या आडून निकोटिन आत जातं. साधी तपकीर नवख्या माणसाला झोंबते, पहिल्या चिमटीला तो डबी परत करतो. मेन्थॉल ती झोंबणी झाकतो आणि आठवण ठेवतो औषधाची. नाकाच्या आतल्या पातळ अस्तरातून निकोटिन काही मिनिटांत रक्तात पोचतं, धूर लागत नाही. धूर नाही म्हणून फुप्फुसं वाचतात हे खरं, ते नाकारत नाही. सवय मात्र तीच लागते, आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था धूर नसलेल्या तंबाखूलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांतच धरते. शिवाय रोजच्या पुडीने नाकाचं अस्तर चिडतं, सुजतं. नाक चोंदलं म्हणून पूड, पुडीने नाक चोंदलं म्हणून परत पूड. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा फेरा.

तुम्ही म्हणाल, युरोपात मेन्थॉलवर बंदी आहे ना? आहे, 20 मे 2020 पासून, पण सिगारेटवर आणि हाताने वळायच्या तंबाखूवर. नाकाची तपकीर त्यातून सुटली. ज्या कारणासाठी मेन्थॉल सिगारेट गेली, म्हणजे तरुणांना पहिला घोट सोपा होतो, ते कारण या डबीला लागू नाही असं मला तरी वाटत नाही.

एक घोळ मात्र समजून घ्या. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये एक पांढरी पूडही ओढतात, ती नुसती ग्लुकोजची साखर आणि मेन्थॉल असते, तंबाखू शून्य. प्योशलचीच 'श्नेबेर्ग' नावाची तशी पूड आहे. गारवा जवळपास तोच. त्यामुळे पार्टीत कोणी 'अरे, ही साखर आहे' म्हणालं तर ते खरं असू शकतं, खोटंही.

ओळखायचं कसं? पूड बघ. तपकिरी असेल तर तंबाखू समज. आणि डबी उलटी कर. तंबाखू असेल तर युरोपच्या कायद्याने त्यावर छापावंच लागतं की हे उत्पादन आरोग्याला हानी करतं आणि व्यसन लावतं. जर्मनमध्ये असेल ते. भावालाच मोठ्याने वाचायला सांग, आणि मराठीत अर्थही त्यालाच सांगू दे. मग मला परत व्हॉइस नोट पाठव.