ब्रँच हलवण्याआधी जुना क्रमांक तपासा

धुळ्यात देवपूरच्या विद्यानगरीत अभियांत्रिकीची मुलं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गटाने करतात. अशा कामाला गिट फार उपयोगी. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ब्रँच म्हणजे कोडची वेगळी प्रत नव्हे. सहसा ती एक चिमुकली फाइल असते आणि तिच्यात शेवटच्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) ४० अक्षरी क्रमांक असतो, बस्स.

धोका इथेच आहे. एकाने दुपारी कमिट सर्व्हरवर पाठवली, म्हणजे पुश केली, दुसऱ्याने रात्री ‘फोर्स’ लावून आपली पुश केली, की क्रमांक बदलतो आणि पहिल्याचं काम ब्रँचवरून नाहीसं होतं.

उपाय आहे आधी तपासण्याचा. ब्रँचचा क्रमांक बदलणाऱ्या ‘अपडेट-रेफ’ या आज्ञेला नव्या क्रमांकासोबत जुनाही देता येतो. गिट आधी लॉक फाइल बनवतं, सध्याचा क्रमांक जुन्याशी ताडून पाहतं. जुळला तरच बदल, नाहीतर साफ नकार. सर्व्हरवर पुश करताना हीच तपासणी ‘फोर्स-विथ-लीज’ हा पर्याय करतो. माझ्या मते साधा ‘फोर्स’ सामायिक ब्रँचवर वापरूच नये. मात्र ‘फोर्स-विथ-लीज’ जुना क्रमांक तुमच्याकडच्या शेवटच्या फेचमधून (सर्व्हरवरून आणलेल्या माहितीतून) घेतो; एडिटर मागच्या मागे फेच करत असेल, तर ही तपासणीही फसते. म्हणून अपेक्षित क्रमांक स्वतः लिहून द्या.