सशाचे कान, सामुराईची शेंडी

अमेरिकी कॉमिक्सवर सुपरहिरोंचं राज्य असताना प्राण्यांना मोठ्यांच्या गोष्टींत आणलं ते स्वतंत्र चित्रकारांनी. कॅनडाच्या डेव्ह सिमने १९७७ मध्ये ‘सेरेबस’ हा आर्डवार्क स्वतःच छापला. २००४ पर्यंत ३०० अंक! १९८४ मध्ये ईस्टमन-लेअर्ड जोडीची कृष्णधवल निन्जा कासवं आली आणि स्टॅन साकाईचा ‘उसागी योजिम्बो’ही: मियामोतो मुसाशीवर बेतलेला ससा, कान शेंडीसारखे बांधलेले. पण खरा घाव घातला ‘माउस’ने. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. आर्ट स्पीगेलमनने वडिलांची छळछावणीची कहाणी स्वतःच्याच ‘रॉ’ नियतकालिकात क्रमशः छापली. १९९२ मध्ये विशेष पुलित्झर. २०२२ मध्ये टेनेसीतल्या एका शाळा मंडळाने ‘माउस’ अभ्यासक्रमातून वगळलं. कारण काय, तर शिवराळ शब्द आणि एक नग्न चित्र. खप मात्र वाढला.